१२३४५६७८९८७६५४३२१ : कापरेकरांची डेमलो संख्या त्यांच्याच कसोट्यांवर

वर्गमूळ (धागाकर्ता)

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि नवावरून पुन्हा एकापर्यंत उतरायचं. शाळेच्या फळ्यावर हा त्रिकोण बहुतेकांनी पाहिलेला असतो:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
… आणि असं करत करत
१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

'वा, छान' म्हणून माणसं पुढे जातात. मला वाटतं, खरी मजा त्रिकोणाच्या पलीकडे आहे, म्हणून हा धागा काढतोय.

या संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी 'वंडरफुल डेमलो' म्हटलं. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. त्यांचं ६१७४ (चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारी संख्या) आता जगभर माहीत आहे, डेमलो मात्र आपल्याकडेही फार कमी जणांना ठाऊक असतात. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं, तेच आजचं डोंबिवली. या संख्यांचा विचार तिथे सुचला, म्हणून त्यांना स्टेशनाचं नाव मिळालं. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात कापरेकरांचं यावर टिपण आलं.

डेमलो संख्येचे तीन भाग पाडायचे: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक असतो, आणि डावा-उजवा मिळवला की तोच अंक ओळीने मिळतो. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, मधे ३. १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४, मधे ४. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, मधे ९.

वर्ग असा सुबक का येतो? नऊ एककांच्या, म्हणजे ओळीने नऊ वेळा १ असलेल्या संख्येचा स्वतःशीच गुणाकार उभा मांडून बघा. नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, नवव्यात नऊ, मग परत उतार. एकाही रकान्याची बेरीज नवाच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येतच नाही.

आता अवयव.

१११११११११ = १११ × १००१००१
१११ = ३ × ३७
१००१००१ = ३ × ३३३६६७

३७ आणि ३३३६६७ दोन्ही मूळ संख्या आहेत. म्हणून आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम, कारण ती पूर्ण वर्ग आहे: बावीस जोड्या आणि मधोमध एकटी १११११११११. हे विभाजक नुसते लिहून काढले तरी हरखून जायला होतं: १११, ३३३, ९९९, २९९७, १००१००१, ३००३००३, ९००९००९, १२३४५६७९, ३७०३७०३७. सगळ्या विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९, म्हणजे संख्येच्या साधारण दीडपट.

कापरेकरांनी संख्यांचे आणखीही प्रकार सांगितले आहेत: हर्षद, कापरेकर संख्या, सेल्फ नंबर. या संख्येला त्या कसोट्या लावून पाहू या. ज्यांना जे सापडेल ते इथे मांडा, फक्त कारणासकट.

सरोजिनी_ठाणे

वर्गमूळ सर, हर्षदची कसोटी मी घेते, सोपी आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. इथे अंकांची बेरीज १ + २ + … + ९ + … + २ + १ = ८१. आणि तुम्ही वर दाखवलंय की ३ चा चौथा घात, म्हणजे ८१, अवयवांत आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे संख्या हर्षद आहे.

त्रिकोणातल्या बाकीच्या ओळीही तपासल्या. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची ९, भागाकार १३६९ म्हणजे ३७ चा वर्ग. १२३४३२१ ची १६, संख्या विषम, प्रश्नच नाही. नऊ ओळींत फक्त पहिली, तिसरी आणि नववी हर्षद आहेत. न एककांच्या वर्गात अंकांची बेरीज न चा वर्ग असते (नवापर्यंत तरी), त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की न एककांच्या संख्येला न ने भाग जातो का. १, ३, ९ ला जातो, मधल्या कुणाला नाही.

प्रमेय

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. हे सगळं दशमान पद्धतीवर उभं आहे. अंकांची बेरीज, डावा भाग, उजवा भाग... उद्या आपल्याला बारा बोटं असती तर यातलं काहीच उरलं नसतं. नंबर थिअरीत संख्येचे गुणधर्म बघतात, ती कागदावर कशी दिसते हे नाही. कापरेकरांच्या हयातीत आपल्याकडच्या काही गणितज्ञांनी त्यांचं काम किरकोळ ठरवलं, त्यामागे हाच आक्षेप होता ना?

वर्गमूळ

प्रमेय, राग कसला! हा आक्षेप यायलाच हवा होता. कापरेकरांना तो आयुष्यभर ऐकावा लागला. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं, आणि तोवर ते सत्तर वर्षांचे झाले होते. मला हे लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहा क्षणभर विसरा. ही बहुपदी घ्या:

१ + क्ष + क्ष^२ + … + क्ष^८

हिचा वर्ग केला तर सहगुणक येतात १, २, ३, … ८, ९, ८, … २, १. क्ष काहीही असो. आपला त्रिकोण म्हणजे याच ओळखीत क्ष = १० ठेवणं. क्ष = १०० ठेवा:

१०१०१०१०१०१०१०१०१ चा वर्ग = १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१

तोच चढ, तोच उतार. बारा बोटं असती तर आपण दहाऐवजी बारा हा पाया धरून हाच त्रिकोण आणखी दोन ओळी खाली नेला असता.

अवयवांचंही तसंच. ही बहुपदी फुटते ती अशी:

(१ + क्ष + क्ष^२) × (१ + क्ष^३ + क्ष^६)

क्ष = १० ला १११ × १००१००१. क्ष = २ ला ७ × ७३ = ५११. क्ष = ३ ला १३ × ७५७ = ९८४१. ही फोड दहाची मिरास नाही.

दहाचा खरा संबंध येतो तो पुढे. ३७ आणि ३३३६६७ इथे का आले? १/३७ = ०.०२७०२७०२७…, आवर्तन तीन अंकी. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७…, आवर्तन नऊ अंकी. आता विचारा, नऊ अंकी आवर्तन असलेल्या मूळ संख्या किती? अशा मूळ संख्येने ९९९९९९९९९ ला भाग गेलाच पाहिजे. ९९९९९९९९९ चे मूळ अवयव फक्त ३, ३७ आणि ३३३६६७. १/३ चं आवर्तन एक अंकी, १/३७ चं तीन अंकी. राहिली ३३३६६७. साऱ्या मूळ संख्यांमध्ये नऊ अंकी आवर्तनाची ही एकुलती एक. तीन अंकी आवर्तनाची तशीच एकुलती एक ३७. आपल्या सतरा अंकी संख्येत या दोन एकुलत्या एक शेजारी शेजारी बसल्या आहेत. याला मी कागदावरचं दिसणं म्हणणार नाही.

प्रमेय

हे पटलं. आवर्तनाची लांबी म्हणजे ३३३६६७ ने भागल्यावर दहाच्या घातांची बाकी पुन्हा १ यायला किती पावलं लागतात तेच. ती पक्की नंबर थिअरी आहे. माझा आक्षेप अंकांच्या बेरजेपुरता शिल्लक ठेवतो.

पण ३३३६६७ मूळ आहे हे कुणी हाताने दाखवेल का? कॉम्प्युटरला विचारलं तर तो 'हो' म्हणेल, त्यात काय.

उल्का_पुणे

प्रमेयदादा, हाताने होतं, आणि वाटतं त्यापेक्षा बरंच कमी काम आहे.

३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे. म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या शंभराच्या वर. पण गाळणी लावता येते. समजा प या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो (३ नाही, अंकांची बेरीज २८ आहे). मग प ने १००१००१ ला आणि म्हणून ९९९९९९९९९ लाही भाग जातो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला प ने भागलं तर बाकी १. तर दहाचं आवर्तन १, ३ किंवा ९ लांबीचं. ते १ किंवा ३ असेल तर १००० ची बाकी १, मग १००१००१ = १०००००० + १००० + १ ची बाकी १ + १ + १ = ३, आणि ती शून्य असायला हवी म्हणजे प = ३. तो तर आपण काढून टाकलाय. म्हणून आवर्तन ९ च, आणि फर्माच्या प्रमेयाने (आवर्तनाच्या लांबीने प − १ ला नेहमी भाग जातो) ९ ने प − १ ला भाग जातो. प विषम, म्हणून १८ नेही जातो.

तर १८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. फक्त सतरा.

बाक्या त्याच क्रमाने: ८, १, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१.

शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ आहे. ३७ ची बाकी १ आली तेवढी बघून ठेवा, ३३३६६७ = ३७ × ९०१८ + १.

बिटबाइट

तपासणाऱ्यांसाठी एक सूचना, ही संख्या एक्सेलमध्ये टाकू नका. एक्सेल पंधरा अंक धरतं, पुढचे शून्य करून टाकतं. १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल आणि सगळे हिशोब चुकतील. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टला दिलीत तर शेवटचा १ जाऊन ० येतो: १२३४५६७८९८७६५४३२०. कारण २ चा ५३वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे, आणि त्यापुढे दुप्पट होईपर्यंत त्या साठवणीत फक्त सम पूर्णांक बसतात. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात आणि विषम. पायथॉनला असली मर्यादा नाही.

देवळाली_कॅम्प

कापरेकर मास्तरांच्या गावचा मी, तेव्हा सेल्फ नंबरची कसोटी माझी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा. २३ + २ + ३ = २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो: २०, ३१, ४२. त्या सेल्फ नंबर, आपण स्वयंभू म्हणू. तर आपली सतरा अंकी बाई स्वयंभू आहे का?

जनक म आणि त्याच्या अंकांची बेरीज स धरू. म + स = आपली संख्या. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच. त्या दोघांची बेरीज ९ ने भाग जाणारी, म्हणून स ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. सतरा अंकांची बेरीज १५३ च्या वर जात नाही. तर स = ९, १८, २७, … १५३ एवढेच उमेदवार, आणि वजाबाकी शेवटच्या तीन अंकांतच (३२१) आटोपते. पुढचे चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ जसेच्या तसे, त्यांची बेरीज ७५.

स = ९ : ३१२, बेरीज ७५ + ६ = ८१, हवे होते ९. नाही.
स = २७ : २९४, ७५ + १५ = ९०. नाही.
स = ७२ : २४९, ९०. नाही.
स = ८१ : २४०, ७५ + ६ = ८१. जमलं.

बाकीचे सगळे बघितले, बेरीज दर वेळी ८१ किंवा ९० च येते. ९० ला २३१ उरतात, त्यांची बेरीज ८१, म्हणून तोही उमेदवार बाद. तर संख्या स्वयंभू नाही. तिला एकच जनक आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. त्यात ८१ मिळवा, डेमलो हजर.

८१ इथे दुसऱ्यांदा आले. सरोजिनीताईंच्या हर्षदमध्येही तेच.

सरोजिनी_ठाणे

काका, फार सुंदर! एकच जनक निघेल असं वाटलं नव्हतं.

मी कापरेकर संख्येची कसोटी करून पाहिली. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. तसंच १११११११११ चा वर्ग फोडला, उजवीकडचे नऊ अंक वेगळे:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

१११११११११ परत आली नाही, तिची नऊपट आली. म्हणजे ती कापरेकर संख्या नाही. पण नऊपट नेमकी का यावी?

वर्गमूळ

ताई, नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून मिळवणं म्हणजे ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी काढणंच. आपली संख्या १११११११११ × १११११११११. त्यातल्या एकीतून ९ काढून दुसरीला दिले की ९९९९९९९९९ × १२३४५६७९. म्हणजे ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो, आणि तुकड्यांची बेरीज तिच्या पटीतच येणार.

वेरूळचा_वाटाड्या

१२३४५६७९ चं नाव निघालं म्हणून थोडा इतिहास. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात दोन्हीकडून सारखेच वाचले जाणारे गुणाकार दिले आहेत, गळ्यातल्या दागिन्याच्या नावाने. त्यातला एक १२३४५६७९ × ९ = १११११११११. आणि दुसरा

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

ही आपल्या त्रिकोणाची सहावी ओळ, सलग सहा एककांचा वर्ग! ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. डोंबिवलीच्या आधी हजारहून जास्त वर्षं ही माळ कुणीतरी ओवून ठेवली होती.

मोठ्या संख्यांच्या नावांचंही सांगतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. आपल्या संख्येचा पहिला १ पडतो सतराव्या स्थानी. त्या स्थानाचं नाव 'मध्य'.

उल्का_पुणे

मी आणखी एक घेऊन आले. पूर्ण वर्ग दोन वर्गांची बेरीज होऊ शकतो का? म्हणजे कर्ण १११११११११ असलेला, बाजू पूर्णांकात असलेला काटकोन त्रिकोण आहे का?

चाराने भागल्यावर ३३३६६७ ची बाकी ३. अशी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फुटत नाही, दोन्ही बाजूंना ती जशीच्या तशी राहते. ३ चंही तेच. उरते ३७, तिची बाकी १, आणि ३७ ला पायथागोरसचं त्रिकूट एकच: १२, ३५, ३७. ते ९ × ३३३६६७ = ३००३००३ ने गुणलं की

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

३६, ०३६, ०३६ आणि १०५, १०५, १०५. या कर्णाचा दुसरा त्रिकोणच नाही.

प्रमेय

उल्का, हे बघून बाकीचा आक्षेपही मागे घेतो. १२, ३५, ३७ हे त्रिकूट शाळेपासून पाठ आहे, ते इथे भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

वर्गमूळ सर, शेवटचा प्रश्न. दहा एककांना काय होतं? त्रिकोण तिथे मोडतो एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

वर्गमूळ

मोडतो, पण कसा मोडतो ते बघण्यासारखं आहे.

११११११११११ चा वर्ग = १२३४५६७९००९८७६५४३२१

मधल्या रकान्यात दहा एकक. तिथे ०, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळून पुन्हा दहा, तिथेही ०, हातचा एक. तो आठात गेला, आठाचे नऊ झाले, आणि तिथे थांबला. म्हणून चढताना ८ दिसत नाही, ७ नंतर एकदम ९. अंकांची बेरीज हातचे नसते तर १० चा वर्ग म्हणजे १०० आली असती. प्रत्येक हातच्याला एका घरातून दहा जातात आणि शेजारी एक येतो, म्हणजे ९ ची तूट. दोन हातचे, १८ ची तूट. १०० − १८ = ८२. मोजून बघा, ८२ च आहे.

आणि एककं थांबवलीच नाहीत तर? ०.११११… म्हणजे १/९. त्याचा वर्ग १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…, इथेही ८ गायब. कारण तेच: पुढून दहा येतात, त्यांचा हातचा नवात, नवाचा हातचा आठात. हाच १/८१ म्हणजे १२३४५६७९ भागिले ९९९९९९९९९, आणि सरोजिनीताईंना वर दिलेल्या उत्तरात याच दोघींचा गुणाकार होता.